शुभाताईंचा उंबरा

जव्हारच्या एसटी डेपोकडून बाजारात वळलं की भांड्यांचं एक दुकान लागतं. दाराशी टांगलेल्या स्टीलच्या डब्यांत येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड लांबलचक दिसतं. दुकानाच्या पोटातून एक लाकडी जिना वर जातो, आणि वर एक खोली आहे. त्या खोलीच्या जोरावर ब्राझीलमधली घरं विकली जायची, पोर्तुगालमधली विकली जायची, झालंच तर केनियातलीही. गावात हे कुणाला सांगितलं की लोक म्हणायचे, "हो का? मग आमच्या पोराला नाशिकला एक वन बीएचके बघा म्हणावं ताईंना."

ताई म्हणजे शुभाताई. पंचेचाळिशीच्या. खालचं दुकान त्यांच्या थोरल्या भावाचं, अण्णांचं. वरची खोली ताईंची. पूर्वी त्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायच्या. क्लास बंद पडला, ताई पडल्या नाहीत. त्यांनी एक प्लगिन बनवलं. प्लगिन म्हणजे वेबसाइटला जोडायचा तुकडा. ज्या वेबसाइटी ओपन सोर्स आहेत, म्हणजे ज्यांची घडण कुणीही उघडून बघावी, बदलावी, वापरावी अशी मोकळी ठेवलेली असते, त्यांना हा तुकडा जोडला की घर-जमिनीच्या जाहिराती लावता येतात. फोटो, नकाशा, खोल्या किती, चौकशीचं बटण, सगळं. त्याचं नाव ताईंनी ठेवलं होतं 'उंबरा'. परदेशी गिऱ्हाइकांना ते उच्चारता यायचं नाही. ताई म्हणायच्या, "मला तरी त्यांच्या गावांची नावं कुठे उच्चारता येतात? फिट्टंफाट."

मी आधीच सांगून टाकते. प्रॉपर्टी हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी मोखाड्याची. आमच्याकडे रस्ता जरा बरा झाला की दवाखान्याच्या आधी प्लॉटिंगचा बोर्ड येतो. 'निसर्गाच्या कुशीत तुमचं दुसरं घर'! अरे, त्या कुशीत ज्यांचं पहिलं घर आहे त्यांचं काय करायचं ठरवलंय? त्यांना कुठे सरकवणार? मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहायची. लिहायची कसली, ओरडायची. त्यातलंच एक पत्रक टाइप करून घ्यायला मी पहिल्यांदा तो जिना चढले, कारण बाजारातला टायपिंगवाला लग्नाला गेला होता.

ताईंनी कागद हातात घेतला आणि टाइप करायच्या आधी वाचला. हेच मला नवीन होतं. टायपिंगवाले वाचत नाहीत.

"पुढारीणबाई," त्या म्हणाल्या, "एका पानावर उद्गारचिन्ह एकच मिळेल. कुठे पाहिजे सांग."

"एकच? का म्हणून?"

"सगळ्याच ओळी ओरडल्या तर भांडण कशावरून आहे ते कळत नाही. खाली अण्णांच्या दुकानात उभी राहा थोडा वेळ. एक ताट पडलं तर सगळे वळून बघतात. सगळी मांडणीच पडली तर लोक पळून जातात."

मी रागाने लाल झाले. पत्रक एका उद्गारचिन्हानिशी छापलं गेलं. आणि सांगायला लाज कसली, लोकांनी ते शेवटपर्यंत वाचलं. त्या दिवसापासून मी ताईंकडे जायला लागले, बहुतेक वेळा भांडायला.

खोलीचं वर्णन करायलाच पाहिजे. जव्हारचा पाऊस आणि धुकं खिडकी लावली तरी आत येतं, म्हणून कॉम्प्युटरखालच्या कपाटात ताई एक पिवळा बल्ब कायम जळता ठेवायच्या. पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशी लागू नये म्हणून ऊब देतात, तशी. नेटच्या डब्याला लहान मुलाचा रेनकोट घातलेला, निळा, बदकांचा. टेबलावर उकडलेल्या शेंगांची पिशवी. ताई बाहेर पडल्या तरी ती पिशवी मनगटाला लटकलेली असायची. बँकेत, देवळात, मयताला. शेंगा त्या सगळ्यांना द्यायच्या आणि टरफलं मात्र परत मागून घ्यायच्या, कारण माणसं ती जिन्यात टाकतात यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

गिऱ्हाइकांना त्या देशाच्या नावाने ओळखायच्या. "आज ब्राझील रडतोय गं. त्याचा नकाशा समुद्रात गेला." "पोर्तुगालला सांगून सांगून थकले, बाबा, आधी वाच, मग दाब." हे त्यांचं लाडकं वाक्य. आधी वाच, मग दाब. ब्राझीलला तेच, एटीएमपुढे उभ्या असलेल्या अण्णांना तेच आणि मलाही तेच. गिऱ्हाइकाला उत्तर लिहिताना त्यांचं इंग्रजी इतकं मऊ असायचं की लोण्यात बोट घातल्यासारखं वाटावं. तेच उत्तर टाइप करता करता तोंडाने मात्र मराठीत त्याचा उद्धार चाललेला असायचा. एकदा मी विचारलं, "असं दुतोंडी कशाला वागायचं?" त्या म्हणाल्या, "राग माझा आहे. त्याने पैसे उत्तराचे दिलेत, रागाचे नाही."

या पैशांचं गणित अण्णांना कधी पटलं नाही. एका दुपारी ते चहा घेऊन वर आले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसले.

"शुभे, मला एक सांग. वस्तू तू मोकळी सोडलीस. कुणीही घ्या, उघडा, बदला, दुसऱ्याला द्या. मग लोक तुला पैसे कशाचे देतात?"

"वर्षाचं लायसन्स घेतात ना. नवीन सुधारणा निघाली की त्यांना मिळते, अडलं की मी सोडवते."

अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे कढई फुकट द्यायची आणि कल्हईचे पैसे घ्यायचे?"

"अण्णा! बरोबर! आयुष्यात पहिल्यांदा!"

"आणि कढईत कोण काय शिजवतो?"

"ते विचारायचं नाही. लायसन्समध्येच लिहिलंय. कुणीही, कशासाठीही."

"मग त्यात कुणी भलतंसलतं शिजवलं तर?" हे मी विचारलं. मला असे प्रश्न विचारायची सवयच आहे.

"तरी कढई परत मागता येत नाही," ताई म्हणाल्या आणि शेंग फोडली. तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

असं प्लगिन घेतलं की त्यात सुरुवातीला काही नमुन्याच्या जाहिराती येतात, म्हणजे आपली वेबसाइट भरल्यावर कशी दिसेल ते गिऱ्हाइकाला कळावं. मग त्या पुसायच्या आणि स्वतःच्या लावायच्या. बाकीचे प्लगिनवाले नमुन्यात तेच तेच लावतात: काचेचा बंगला, निळा तलाव, शेजारी कुणीच नाही. ताईंना त्याचा कंटाळा आला होता. "जगात घरं काय फक्त पोहणाऱ्यांचीच असतात?" म्हणाल्या आणि स्कूटर काढली. मागे मी. शिरपामाळावर जाऊन त्यांनी दरीचा फोटो काढला, परतताना बाजारातल्या एका पत्र्याच्या घराचा. मग आम्ही गेलो जामसरला, मथीमावशीकडे.

मथीमावशी आणि ताई शाळेत एका बाकावर बसायच्या. मावशी आता गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. घर कुडाचं, पुढे अंगण, मागे डोंगराच्या उतारावर तिची वरकस जमीन, नाचणी-वरईची. सासऱ्याच्या हातून आलेली. ताईंनी मोबाइल वर धरला तशी मावशी ओरडली, "अगं थांब! काय करते?"

"फोटो घेते घराचा. नमुना म्हणून. जगातली माणसं बघतील."

"जगातली? मंग असं कसं? थांब, अंगण सारवू दे."

आणि खरंच तिने शेण कालवून अख्खं अंगण सारवलं. आम्ही दोघी ओट्यावर पाय वर घेऊन बसलो. ओल्या अंगणात आभाळ उतरलेला तो फोटो इतका देखणा आला की ताईंनी त्याला नमुन्यात पहिला नंबर दिला आणि नकाशावरची खूणही जामसरचीच ठेवली. मावशी म्हणाली, "फोटोच काढलास ना? घर घेऊन तर नाय चाललीस?" पुन्हा आम्ही सगळ्या हसलो. तेव्हा फार हसायचो आम्ही.

काही महिन्यांनी जामसरला मावशीच्या दारात एक पांढरी गाडी थांबली. ठाण्याची नवराबायको. त्यांनी अंगणात उभं राहून मोठा श्वास घेतला, घराला हात लावून बघितला, आणि टेप काढून उतार मोजायला लागले. मावशीला वाटलं, शुभीचे पाहुणे. तिने चहा केला. बाईने विचारलं, "स्विमिंग पूल कुठे बसेल हो इथे?" मावशी म्हणाली, "बसा ना, कुठेही बसा." दोन दिवसांनी दुसरी गाडी. तिच्यातल्या माणसाने कागदपत्रं मागितली. म्हणाला, आम्ही टोकन दिलंय कंपनीला, जमीन आमची ठरलीय.

त्या दिवशी मावशीने अंगणवाडी सुटल्यावर थेट जव्हार गाठलं. मी खोलीतच होते. ती जिना चढून आली, दम खाल्ला नाही, बसली नाही.

"शुभे, तू माझं घर विकलं का गं?"

ताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी ती पिशवीत परत टाकली आणि त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

शोधायला वेळ लागला नाही. एका प्लॉटवाल्या कंपनीने ताईंचा 'उंबरा' घेतला होता, रीतसर, वर्षाच्या लायसन्ससकट. नमुन्याच्या जाहिराती पुसायला तो माणूस आधी विसरला असणार. मग मावशीच्या घरावर चौकशा यायला लागल्या, तसं विसरणं संपलं; ती जाहिरात त्याने मुद्दाम ठेवली. त्याने नाव बदललं: 'हिल व्ह्यू फार्महाऊस, जमिनीसह'. फोटो थेट वेबसाइटच्या पहिल्या पानावर, रुंदीभर. आणि टोकन घेणं सुरू!

हे माझं या पानावरचं उद्गारचिन्ह समजा. मघाशी वापरलेली बोलणाऱ्यांची होती, आणि एक त्या बोर्डवाल्यांची.

आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. या माणसाने तर जिची जमीन तिला विचारायचीही तसदी घेतली नव्हती. त्याच्याकडे होतं काय? एक फोटो. पण टोकन दिलेली माणसं वाढत गेली की ती रिकाम्या हाती परत जात नाहीत. ती कुंपण घालायला माणसं घेऊन येतात, दमदाटी करतात, कोर्टात खेचतात, आणि मग एक बाई आणि तिचा उतार अख्खा जन्म तारखांना जातो. मी हे गावोगाव पाहिलंय.

ताईंनी आधी फोन लावला. पलीकडचा माणूस गोड होता.

"मॅडम, ओपन सोर्स आहे ना तुमचं?"

"आहे."

"कुणीही, कशासाठीही वापरू शकतो ना?"

"हो."

"मग?" आणि फोन बंद.

मी टेबलावर हात आपटला. "बंद करा त्याचं. प्लगिन तुमचं आहे. काहीतरी बटण असेलच ना तुमच्याकडे!"

"नाही."

"नाही कसं?"

"चोरदार ठेवलेलं नाही मी. दुसऱ्याच्या वेबसाइटीत घुसून दिवे मालवायचे, हे माझं काम नाही. आज याच्यासाठी ठेवलं तर उद्या ब्राझीलने माझ्यावर भरवसा का ठेवायचा?"

"तुम्हाला ब्राझील महत्त्वाचा की जामसर?"

हे मी मावशीच्या देखत विचारलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मावशीकडे बघितलं. मग कपाटाचं दार उघडून बल्ब जळतोय का ते बघितलं, उगाचच. अण्णा केव्हा तरी जिन्यात येऊन उभे राहिले होते.

"कढई त्याची झाली," अण्णा हळूच म्हणाले. "पण मथीचं घर काय कढईचा भाग आहे का गं?"

ताई गर्रकन वळल्या. "काय म्हणालात?"

"नाही, मी आपलं..."

"अण्णा, आयुष्यात दुसऱ्यांदा!"

मग त्यांनी भराभरा सांगितलं ते असं. मोकळं सोडलं होतं ते प्लगिन. त्याची घडण, त्याचं काम. फोटो त्या लायसन्समध्ये नव्हते. फोटो फक्त नमुन्यापुरते. आणि फोटो प्लगिनच्या पुडक्यात भरले तर ते जड होतं, म्हणून ते ठेवलेले होते ताईंच्याच जागेवर. जगात कुठेही नमुना दिसला की फोटो ताईंकडून जायचा. तो बदलायला कुणाच्या घरात शिरायची गरज नव्हती.

"मग आत्ताच्या आत्ता काढून टाका," मी म्हटलं.

"नाही. तेव्हा मी मथीला फोटोचं विचारलं होतं, तो कुठे कुठे जाईल ते सांगितलं नव्हतं. आता काय करायचं ते ती सांगेल."

मावशी इतका वेळ उभीच होती. आता बसली. शेंगांची पिशवी स्वतःकडे ओढली.

"काढू नको," ती म्हणाली. "काढलास तर दुसऱ्या कुणाचं घर लावंल तो. राहू दे माझंच. पण आता मला उभी कर दारात. मोकळं घर बघूनच येतात मेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जामसरला. मावशीने अंगण पुन्हा सारवलं होतं. अंगणवाडीतला छोटा फळा आणला होता. त्यावर काय लिहायचं ते मी रात्रभर घोटून ठेवलं होतं: कायद्याचं कलम, दलालांचा निषेध, आदिवासींच्या जमिनीवरचा डाका. मी वाचायला लागले. मावशी अर्ध्यातच म्हणाली, "एवढं लिव्हायला भिंत लागंल गं पोरी." ताई तोंड वळवून हसत होत्या. मग मावशीने खडू घेतला आणि अंगणवाडीतल्या पोरांसाठी लिहिते तशा गोल, सुट्या अक्षरांत स्वतःच लिहिलं:

हे माझं घर आहे. विकायचं नाही. चहाला या.

"चहाला कशाला?" मी ओरडलेच.

"ती ठाण्याची बाई चांगली होती," मावशी म्हणाली. "तिला कुणी फसवलं त्यात तिचा काय दोष?"

फळा पोटाशी धरून ती दारात उभी राहिली. ताई पाठीवर कोवळं ऊन घेऊन, एक कोपर बाहेर काढून, एक डोळा मिटून फोटो घेत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुमची सावली येतेय अंगणात."

"येऊ दे."

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना मऊ इंग्रजीत कळवलं की उद्या सकाळी नमुन्याचे फोटो बदलतील, ज्यांनी अजून पुसले नसतील त्यांनी पुसावेत. त्या प्लॉटवाल्यालाही कळवलं. मी चिडले. "त्याला कशाला सावध करता?" ताई म्हणाल्या, "चोरून करायचं नाही म्हणजे नाही. आणि काळजी करू नकोस. कुणी वाचत नाही."

कुणी वाचलं नाही.

सकाळी त्याच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर, रुंदीभर, मथीमावशी. हातात फळा. खाली त्याचीच ओळ: 'हिल व्ह्यू फार्महाऊस, जमिनीसह'. दुपारपर्यंत टोकनवाले त्याच्या ऑफिसात जाऊन बसले होते, आणि आम्ही तहसीलदारांकडे तक्रार देऊन परतलो होतो. तेवढ्यात फोन आला. आता तो गोड नव्हता.

"मॅडम, हे काय लावलंय? काढा ते आधी!"

"काढायचं फार सोपं आहे," ताई म्हणाल्या. आवाज लोण्यासारखा. "तुमचं लायसन्स चालू आहे, मदत करणं माझं कामच आहे. डाव्या बाजूला बघा. 'नमुना पुसा' असं बटण दिसतंय? आधी वाचा. वाचलंत? मोठ्याने वाचा. आता दाबा. कॉम्प्युटर विचारेल, नक्की का? वाचा. हो म्हणा."

मावशी कान देऊन बसली होती. ज्या माणसाने तिचा उतार बाजारात मांडला होता, त्यानेच स्वतःच्या बोटाने तो बाजारातून उचलला. ताईंनी त्याचे आभार मानले, आणखी काही अडचण असल्यास कळवा म्हणाल्या, फोन ठेवला आणि मग मराठीत जे बोलल्या ते छापता येणार नाही. टोकनं त्याला परत करावी लागली, कारण टोकनवाले उठेचनात. जामसरला पुन्हा टेप घेऊन कुणी आलं नाही.

ठाण्याची नवराबायको मात्र आली. फळ्यावर लिहिलं होतं म्हणून, चहाला. येताना चिवडा घेऊन. ताई तिथेच होत्या. त्यांनी त्या बाईला शेंगा दिल्या आणि टरफलं परत मागितली.

मी आता पालघरला असते, संघटनेच्या कामाला. पत्रकं अजून लिहिते. जव्हारला जाणं होत नाही. मध्यंतरी कशाच्या तरी शोधात एका परदेशी वेबसाइटवर जाऊन पडले. भाषा कळेना, समुद्राकाठची घरं असावीत. काचेचा बंगला, निळा तलाव, पुन्हा काचेचा बंगला. आणि त्यांच्या मधोमध मथीमावशी, दारात उभी, फळा पोटाशी धरून. कुणा आळशाने नमुना पुसलाच नव्हता. त्या लोकांनी ती ओळ कशी वाचली असेल कुणास ठाऊक. मी कळवणार होते त्यांना. नाही कळवलं.

फोटो मोठा करून बघितला. ओल्या अंगणावर खालच्या कोपऱ्यातून एक सावली आत आलीय. लांबलचक, एक कोपर बाहेर काढलेलं. मनगटाला काहीतरी लोंबतंय. त्या पिशवीत शेंगा आहेत, हे त्या देशात कुणालाच माहीत नाही.